घरपट्टी ठरते तरी कशी?

एकाच शहरातील, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन घरांच्या मालमत्ता करात दुपटीतिपटीचे अंतर असू शकते, आणि तरीही दोन्ही देयके नियमानुसार अचूक असू शकतात. नागरिकांच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते. प्राप्तिकर मिळकतीवर आणि वस्तू व सेवा कर खरेदीवर लागतो. म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारावर. घरपट्टी मात्र अशा मूल्यावर आकारली जाते, जे कोणाच्याही हाती पडलेले नसते. हे मूल्य कोणी आणि कसे ठरवायचे, हा या कराचा कळीचा प्रश्न आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'जमिनी व इमारती यांवरील कर' हा विषय राज्यसूचीत, ४९ व्या क्रमांकावर आहे. राज्य विधिमंडळ कायदा करते आणि त्या कायद्याच्या मर्यादेत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत कर आकारते. १ जून १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, परंतु कराची चौकट राज्यांच्याच हाती राहिली. त्यामुळे दिल्लीतून पुण्यात किंवा इंदूरहून मुंबईत बदलून आलेल्या कुटुंबाला घरपट्टीचे गणित नव्याने समजून घ्यावे लागते.

घरावरील कराविषयीची नाराजी मात्र जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सरकारने १८१० मध्ये घरांवर कर लावला, तेव्हा बनारसच्या नागरिकांनी कामधंदे बंद ठेवून दीर्घकाळ धरणे धरले. अखेर १८११ मध्ये कंपनीला तो कर मागे घ्यावा लागला. भाड्याने न दिलेल्या, स्वतः राहत्या घरावर कर कशासाठी, हा तेव्हाचा आक्षेप आजही ऐकू येतो.

आकारणीची सर्वांत जुनी पद्धत भाड्यावर आधारलेली आहे. घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवीपणे किती भाडे येईल, याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. महाराष्ट्रात त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट करून करयोग्य मूल्य काढतात. मासिक भाडे १० हजार रुपये धरले, तर वार्षिक भाडेमूल्य १ लाख २० हजार आणि करयोग्य मूल्य १ लाख ८ हजार रुपये होते. या मूल्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर लागतो. मालक स्वतः त्या घरात राहत असला, तरी भाडे गृहीत धरले जातेच.

ही पद्धत दिसायला सरळ असली, तरी भाडेनियंत्रण कायद्यांनी तिची पार मोडतोड केली. मुंबईत १९४७ च्या कायद्यानुसार जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात निर्णय दिला, की कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्यापेक्षा अधिक भाडे गृहीत धरून कर आकारता येणार नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घरांनाही हे तत्त्व लागू झाले. निर्णय कायद्याला धरून होता. परिणाम मात्र विचित्र झाला. दक्षिण मुंबईतील मोक्याच्या जागेवरील जुन्या प्रशस्त सदनिकेला नाममात्र कर, तर दूरच्या उपनगरात कर्ज काढून घेतलेल्या नव्या लहान घराला त्याहून जास्त, अशी स्थिती निर्माण झाली. शिवाय भाडे 'वाजवी' किती, हे कर निरीक्षकाच्या अंदाजावर सोपवले गेल्याने अपिलांचे ढीग साचत गेले.

यातून पहिली वाट काढली ती पाटण्याने. १९९३ मध्ये तेथे रस्त्याचे स्थान, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार प्रति चौरस फूट मूल्य ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली आणि इतर शहरांचा मार्ग मोकळा झाला. अहमदाबादने २००१ मध्ये आणि दिल्लीने १ एप्रिल २००४ पासून क्षेत्रफळावर आधारित आकारणी स्वीकारली.

दिल्लीचे उदाहरण पाहिले की या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट होते. शहरातील वसाहतींची 'ए' ते 'एच' अशा आठ श्रेणींत विभागणी करण्यात आली. २००४ मध्ये 'ए' श्रेणीसाठी प्रति चौरस मीटर ६३० रुपये, 'डी' साठी ३२०, तर 'एच' साठी १०० रुपये मूल्य ठरवण्यात आले. त्याला बांधीव क्षेत्रफळाने आणि नंतर इमारतीचे वय, बांधकाम, वापर व भोगवटा यांच्या गुणकांनी गुणायचे. 'डी' श्रेणीत १९८५ मध्ये बांधलेले, १०० चौरस मीटरचे, पक्के आणि मालकाच्या वापरातील घर घेऊ. मूळ मूल्य ३२ हजार रुपये. १९८० च्या दशकातील बांधकामासाठी ०.८ हा गुणक असल्याने वार्षिक मूल्य २५ हजार ६०० रुपये. कराचा दर १० टक्के धरल्यास वर्षाचा कर २ हजार ५६० रुपये होतो. हा हिशेब घरमालक स्वतः करू शकतो, हाच या पद्धतीचा मोठा गुण. तिचा दोषही त्यातच आहे. श्रेणी वसाहतीची ठरते, घराची नव्हे, आणि श्रेणीत बदल सुचवला की राजकीय विरोध ठरलेलाच.

मुंबईने तिसरी पद्धत निवडली. तेथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या शीघ्र सिद्धगणकातील दर हा पाया. त्यावर वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचे गुणक लावून क्षेत्रफळाने गुणले जाते. या मूल्याची दर पाच वर्षांनी फेरतपासणी करण्याची तरतूद आहे. बदलाचा धक्का सौम्य व्हावा म्हणून निवासी मालमत्तांची करवाढ सुरुवातीला दुपटीपर्यंत मर्यादित ठेवण्यात आली, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पाच वर्षे वाढ लागू झाली नाही. पुढे १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतील या लहान घरांचा मालमत्ता कर पूर्णतः माफ झाला.

या पद्धतीलाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, हे धरून आजचे मूल्य ठरवणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. भांडवली मूल्याची पद्धत मात्र टिकली. तिच्याविषयीचा मूळ आक्षेप कायद्याचा नाही, व्यवहाराचा आहे. परिसरातील जमिनीचे भाव वाढले म्हणून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या रहिवाशाची प्राप्ती वाढत नाही. घर विकेपर्यंत ती वाढ कागदावरच राहते.

मालक स्वतः राहत असल्यास अनेक राज्ये सवलत देतात. मध्य प्रदेशात ती ५० टक्के आहे. पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर ती २०१८ च्या सुमारास थांबवण्यात आली आणि राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. या मधल्या काळात ज्यांची सवलत निघाली होती, त्यांना स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून 'पीटी-३' अर्ज भरावा लागला. सवलत आपोआप मिळते, हा समज येथे महागात पडू शकतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १९६० च्या नियमांत २०१५ च्या अखेरीस बदल होऊन ग्रामपंचायतींची आकारणीही भांडवली मूल्याशी जोडली गेली. तेथील कर आकारणीची नोंदवही म्हणजे 'नमुना ८'. तिच्या उताऱ्याला गावात मोठे वजन असले, तरी कर आकारणीतील नाव किंवा भरलेली पावती हा मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही.

देयकावरील एकूण रक्कम हा एकच कर नसतो, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या देयकात सर्वसाधारण करासोबत जल, मलनिःसारण, शिक्षण, वृक्ष आणि पथ अशा बाबी असतात आणि राज्य शासनाचा शिक्षण उपकरही महापालिकाच वसूल करते. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यापासून महाराष्ट्रातील महापालिकांची मालमत्ता करावरील भिस्त वाढली आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली वाढवण्याची अट घातली होती.

क्षेत्रफळ, वापर किंवा बांधकामाचे वर्ष चुकीचे नोंदले गेले असल्यास नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेणे आवश्यक असते. त्यानंतर सुनावणी होते आणि तेथे समाधान न झाल्यास अपील करता येते. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाकडे जाते. वाद चालू असतानाही कर भरावा लागतो, कारण महाराष्ट्रातील महापालिकांत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ही थकबाकी मालमत्तेवरील बोजा असल्याने जुने घर विकत घेणाऱ्याच्या माथी ती येऊ शकते. व्यवहारापूर्वी महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला मागितला जातो, तो याच कारणासाठी.