उपचार दारापर्यंत का जायला हवेत?

नैराश्यात बुडालेल्या माणसाला आपण सहज सांगतो, ‘मन घट्ट कर.’ पण ज्या मेंदूच्या बळावर मन घट्ट करायचे, त्याचाच कारभार या आजारात बिघडलेला असतो. मेंदूतले एक जाळे आपण रिकामे बसलो की स्वतःबद्दल आणि मागच्या-पुढच्या गोष्टींबद्दल विचार करते, दुसरे हातातल्या कामावर चित्त ठेवते आणि तिसरे कशाकडे आधी लक्ष द्यायचे ते ठरवते. नैराश्यात या तिन्हींचा मेळ बिघडतो. कपाशीला भाव मिळाला नाही, ही झाली घटना. आजारी मन त्यातून ‘मीच कुचकामी’ असा निकाल काढते आणि रात्रभर तोच घोळवत बसते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात नैराश्याच्या बहुतेक रुग्णांत यातले तिसरे जाळे जवळजवळ दुप्पट पसरलेले आढळले.

यावर कोणी म्हणेल, अकोल्या-अमरावतीच्या शेतकऱ्यांचे दुखणे कर्जाचे आणि नापिकीचे, त्यात मेंदू कुठून आला? कर्ज खरेच आहे आणि गोळ्यांनी सातबारा कोरा होत नाही. पण पीकविम्याचा अर्ज भरायला, बँकेत खेटे घालायला लागणारी उमेदच हा आजार हिरावून घेतो, त्यामुळे दोन्ही दुखण्यांवर इलाज हवा. मग प्रत्येकाचे स्कॅन काढायचे का? नाही. मेंदूतले हे फरक गटागटांच्या तुलनेत दिसतात, काही अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधीही आहेत. निदान आजही बोलण्यातूनच होते.

हा आजार उमेदच हिरावतो, म्हणूनच मदत मागायचे बळ ज्याच्यात उरलेले नाही, त्याने स्वतः दवाखान्यात यावे ही अपेक्षाच चुकीची. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात प्रशिक्षित गावकार्यकर्ते लोकांपर्यंत गेले, टेन्शन, झोप, भूक यांविषयी बोलले, समुपदेशन केले आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे तेव्हाही सुमारे तीन चतुर्थांश लोक मदतीविना राहिले, हे खरे. पण कोणी उंबऱ्याशी आले की माणसे बोलतात, एवढे यातून नक्की दिसते. अकोल्यासह १४ जिल्ह्यांतला राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ याच वाटेवरचा आहे, त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना पुरेसे प्रशिक्षण आणि मोबदला देऊन तो बळकट करायला हवा. घरातले कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प, निरुत्साही, झोपेविना दिसत असेल तर उपदेश करू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तुम्हीच फोन लावा आणि डॉक्टरांकडे सोबत जा.