सरासरीत हरवलेली ठाकुरवाडी

ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या कुशीला ठाकर समाजाची घरे असली की आजूबाजूचे लोक त्या वस्तीला ठाकुरवाडी म्हणतात. कातकऱ्यांची ती कातकरवाडी आणि आपला तो बौद्धवाडा, तसेच हे. कर्जतहून लोणावळ्याला जाणारी रेल्वे बोरघाट चढते, तिथेही ठाकुरवाडी नावाचे एक ठिकाण आहे. पण वाडी म्हणजे महसुली गाव नव्हे. जनगणना होते ती गावाच्या नावाने, निधी येतो तो ग्रामपंचायतीच्या नावाने. सरकारी तक्त्यात गावाची ओळ असते, वाडीची बहुतेक वेळा नसते. ही एक ओळ नसणे आरोग्याला किती महाग पडते, ते या वेळी आपण समजून घेऊ.

आधी एक साधा हिशेब करू. समजा, एका गावात एक ते दोन वर्षांची १०० मुले आहेत. ८८ मोठ्या गावात आणि १२ वाडीवर. गोवराची लस ९० मुलांना मिळाली. तक्त्यात ९० टक्के काम दिसते आणि बैठकीत शाबासकी मिळते. पण राहिलेल्या १० मुलांपैकी ९ वाडीवरची असतील तर? मग गावात ८८ पैकी ८७ मुलांना लस आहे आणि वाडीवर १२ पैकी फक्त ३ मुलांना. वाडीचे काम २५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कागदावर एकच येतो. गोवर काही सरासरी बघून येत नाही. लस न घेतलेली मुले जिथे एकत्र राहतात तिथे तो शिरतो आणि घरोघर फिरतो. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरात साथ आली तेव्हा शहरातल्या वस्त्यांनीही हे पाहिले.

म्हणून आम्ही वस्तीवस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या बाया कोणत्याही बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारतो : हा आकडा गावाचा झाला, त्यातला वाडीचा किती?

आकड्यावर फक्त शाबासकी ठरत नाही, दवाखानाही ठरतो. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक, असा नियम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,००० आहेत. म्हणजे डोंगरातली माणसे कमी मोजली गेली किंवा ती आदिवासी म्हणून वेगळी दिसलीच नाहीत, तर नर्सबाई लांबच्या गावात बसते आणि बाळंतिणीला झोळीत घालून उतरवावे लागते.

रायगड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ११.६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तरी हा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. कातकरी जमातीची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गटांत आहे. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यामुळे नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेले पीएम जनमन अभियान कातकरवाडीला लागू होते, शेजारच्या ठाकुरवाडीला होत नाही. ठाकरांसाठी ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेले धरती आबा अभियान आहे. पण त्याच्या निकषात गाव धरले आहे. गावाची लोकसंख्या ५०० किंवा जास्त हवी आणि त्यात निम्मे तरी आदिवासी हवेत. आकांक्षित जिल्ह्यांना सवलत आहे, पण रायगड त्यांत नाही. आता वाडी शंभर टक्के ठाकरांची असली, पण ती तीन हजार वस्तीच्या मोठ्या गावाला जोडलेली असली, तर गावाचा टक्का निम्म्यावर कसा जाणार? मध्ये रस्ता नाही, नळ नाही, फक्त ओढा आहे. कागदावर मात्र दोघे एकच गाव.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकरांचीच वाडी. दरडीचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी होती, तिच्यात या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच नंतर सांगितले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे पावसात पायी चढली. वाडीची लोकसंख्या २२८ सांगितली गेली, पण त्या रात्री घरात कोण होते, मजुरीला बाहेर कोण गेले होते, कोणती मुले आश्रमशाळेत होती, हे एकेक करून जुळवावे लागले. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरड नोंदवहीने थांबत नाही, हे आम्हालाही कळते. पण यादीत नाव असते तर पावसाळ्याआधी कुणीतरी तिथे जाऊन डोंगर बघितला असता का, हा प्रश्न आजही प्रत्येक वाडीला विचारता येतो.

मोजणीचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. १९३२ साली मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन समितीपुढे काही प्रांतांनी आपल्याकडे अस्पृश्य फारच थोडे आहेत किंवा नाहीतच, असे सांगायला सुरुवात केली. कालपर्यंत कोट्यवधी होते ते एकाएकी कुठे गेले? बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी १ मे १९३२ रोजी आपली वेगळी टिपणी दिली. पुढे याच विषयावर त्यांनी लिहिलेल्या प्रकरणाचे नाव 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स' असे आहे. प्रतिनिधित्व संख्येवर मिळणार हे कळले तसे संख्या लपवणे सुरू झाले, हा त्यातला मुद्दा. ठाकुरवाडीची संख्या कुणी मुद्दाम लपवलेली नाही. ती गावाच्या बेरजेत बुडाली आहे, इतकेच. पण परिणाम तोच होतो.

हे फक्त आपल्याच देशात होते असेही नाही. युरोपात रोमा नावाचा समाज आहे. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याच उपखंडाच्या उत्तरेकडून तिकडे गेले, असे भाषेचे अभ्यासक आणि जनुकांचे अभ्यासक दोघेही सांगतात. गावाबाहेर वस्ती, पाण्याचे हाल, शाळेत वेगळे बसवणे, चोर म्हणून संशय, ही यादी आपल्याला ओळखीची वाटेल. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२१मध्ये दहा देशांत घरोघर पाहणी केली. रोमा कुटुंबांपैकी ८० टक्के गरिबीच्या छायेत आढळली. सगळ्या युरोपीय संघाचा हाच आकडा १७ टक्क्यांच्या आसपास होता.

चेक देशात ऑस्ट्राव्हा नावाचे शहर आहे. तिथे रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या शाळेत घालत. प्रत्येक आईला एकच उत्तर मिळे, तुमचे मूल परीक्षेत कमी पडले. एकेका मुलाचे भांडण असे कधीच जिंकता आले नसते. मग कार्यकर्त्यांनी शहरातल्या शाळाशाळांतून मोजणी केली. रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट निघाली. सगळ्याच रोमा आयांची मुले योगायोगाने कमी पडतील कशी? १८ मुलांचा हा दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निकाल लागला. शेजारच्या स्लोव्हाकियात २००४ पासून रोमा वस्त्यांचा एक नकाशासंग्रह करतात. कोणत्या वस्तीला नळ, कुठे गटार, कुठे रस्ता, हे त्यात वस्तीवार असते. गावाच्या बेरजेत ते बुडवत नाहीत. आमच्या मते आपल्याला घेण्यासारखी गोष्ट हीच.

पण तिथली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. नाझी राजवटीने रोमांच्या याद्या केल्या आणि त्याच याद्या हातात घेऊन माणसे छावण्यांत नेली. २०१३ साली स्वीडनमध्ये उघड झाले की पोलिसांनी चार हजारांहून जास्त रोमांची यादी ठेवली होती. तिच्यात लहान मुलेसुद्धा होती, गुन्हा केलेला असो वा नसो. आपल्याकडे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आणि इतर कितीतरी जमातींना हजेरीच्या रजिस्टरात बांधले, ते १९५२पर्यंत. त्यामुळे वही घेऊन आलेल्या माणसाला वाडी बोलत नसेल, तर ती अडाणी म्हणून नव्हे. तिला अनुभव आहे.

म्हणून वहीचा पहिला नियम असा की ती वाडीची असावी आणि वाडीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुलीने लिहावी. आपल्या वाड्यातली शिकलेली पोरगी पेन घेऊन गेली आणि "आम्ही तुमची पाहणी करतो" म्हणाली, तर तीही साहेबच झाली. आपण शिकवायला बसू, बेरीज तपासू, तहसीलला सोबत जाऊ. आधार कार्डाचे फोटो मोबाइलवर काढू नयेत. सिकलसेल, क्षयरोग, एचआयव्ही यांची नावे या वहीत लिहायचीच नाहीत. सिकलसेलचा नुसता वाहक असलेली मुलगी आजारी नसते, पण नाव फुटले तर तिचे लग्न मोडते. तिथे फक्त किती जणांची तपासणी झाली, किती जणांना कार्ड मिळाले, एवढी संख्या पुरे. तपासणी मोफत आहे. जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या आदिवासींची ती व्हायची आहे.

बाकीचे घरवार लिहावे. घरात माणसे किती, वये काय, गरोदर कोण, तिचा कितवा महिना, रक्ताची तपासणी झाली का. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७च्या खाली असेल तर थांबायचे नाही, लगेच दवाखाना. बाळ झाले असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद राहून जाते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मुलांच्या वयात. साडेसात किलोची मुलगी नऊ महिन्यांची असेल तर तिचे वजन ठीक आहे. तीच दीड वर्षाची असेल तर ती कमी वजनाची आहे. वय चुकीचे लिहिले की कुपोषण कागदावरून नाहीसे होते. आईला तारीख आठवत नाही, पण भात लावणी चालू होती, गणपती बसले होते, होळीच्या आधी झाली, हे तिला पक्के आठवते. वहीच्या पहिल्या पानावर गेल्या पाच वर्षांतले सण, लावणी-कापणी, मोठा पूर, वाडीतले लग्न, असे महिनावार मांडून ठेवले की त्यावरून जन्माचा महिना काढता येतो. दंडघेराच्या पट्टीला तर वय नेमके लागतही नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा. पट्टी अंगणवाडीत आणि आशाताईंकडे असते.

मग या वहीचे करायचे काय? महिन्याला एक बेरीज, वाडीची वेगळी, नावांशिवाय. ती गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत वाचायची, ग्रामसभेत ठरावात घालायची आणि तिची प्रत पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घ्यायची. नुसते "वाडीकडे लक्ष द्या" असे निवेदन फायलीत जाते. "१२ पैकी ९ मुलांना लस नाही, शेवटचे लसीकरण सत्र वाडीवर अमुक महिन्यात झाले" असे लिहिले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही दहा रुपये लागत नाहीत.

आता २०२७ची जनगणना आहे आणि तिच्यात जातीची नोंद होणार आहे. १९३१ नंतर सगळ्या जातींची अशी मोजणी झालेली नाही. ठाकर आणि कातकरी घरांनी प्रगणकाला जमातीचे नाव यादीत आहे तसेच सांगावे. नुसते "आदिवासी" किंवा "हिंदू ठाकूर" म्हटले तर नोंद दुसरीकडे जाते. आपल्याही घरांत गोंधळ होतो म्हणून सांगतो : धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतले जातीचे नाव. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण दोन्ही रकान्यांत बौद्ध लिहिले तर अनुसूचित जातीच्या बेरजेत आपण येत नाही.

वही वर्षातून दोनदा नव्याने जुळवावी लागेल. एकदा दिवाळीच्या सुमाराला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे वाडी सोडण्याआधी. तेव्हा कोण कुठल्या तालुक्यात चालले, सोबत पाच वर्षांखालची किती मुले, कोण गरोदर, हे लिहून घेतले तर तिकडच्या अंगणवाडीला आणि आशाताईंना कळवता येते. लसीचे कार्ड आईच्या सामानात प्लास्टिकच्या पिशवीत गेले पाहिजे, पत्र्याच्या पेटीत वाडीवर राहता कामा नये. दुसऱ्यांदा पावसाच्या तोंडावर, सगळे परत आल्यावर. त्या वेळी गरोदर बायांची यादी प्रसूतीच्या महिन्याप्रमाणे वेगळी काढावी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत दिवस भरणाऱ्या बाईला ओढा भरण्याआधी खाली नातेवाइकांकडे कुठे राहता येईल, ते मे महिन्यातच तिच्या घरच्यांशी बोलून ठेवावे. वहीची दुसरी प्रत वाडीबाहेर, कोरड्या जागी, विश्वासाच्या घरी ठेवावी.