२६ सेकंदांची साक्ष

‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलंय, आता आणखी पुरावा कशाला हवा?’ असं आपण सहज म्हणून जातो. विज्ञानाच्या तासालाही आपण मुलांना सांगतो, नीट निरीक्षण करा, म्हणजे उत्तर सापडेल. पण एक घटना अशी आहे, की ती लाखो लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिली, थांबवून पाहिली, मोठी करून आणि मोजून पाहिली, तरी साठ वर्षांनंतरही तिच्याबद्दलचा वाद मिटलेला नाही. निरीक्षण कुठे संपतं आणि निष्कर्ष कुठे सुरू होतो, हे समजून घ्यायला ही घटना आपल्याला उपयोगी पडेल.

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं डॅलस शहर. दुपारी साडेबाराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी उघड्या मोटारीतून चालले होते. त्यांच्या पुढच्या आसनावर टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली बसले होते. अब्राहम झॅप्रुडर नावाचे एक कपड्यांचे व्यावसायिक रस्त्याकडेच्या कठड्यावर उभे राहून आपल्या ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने हे दृश्य टिपत होते. इतक्यात गोळ्या झाडल्या गेल्या. केनेडींचा मृत्यू झाला, कॉनली गंभीर जखमी झाले.

संशयित म्हणून ली हार्वे ऑस्वाल्डला त्याच दिवशी पकडलं. पण दोनच दिवसांनी, पोलिसांच्या ताब्यात असतानाच, त्याचा खून झाला. त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही. पुराव्याची जी उलटतपासणी न्यायालयात व्हायची, ती पुढे आयोग, समित्या आणि पुस्तकं यांच्यातून होत राहिली.

फिल्म म्हणजे घड्याळ

झॅप्रुडर यांची फिल्म सुमारे २६ सेकंदांची आहे. तिच्यात ४८६ फ्रेम आहेत. कॅमेरा चावीचा होता. तपासणीत त्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम असा निघाला. म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत साधारण ०.०५५ सेकंद जातो. हे कळलं, की फिल्मचं घड्याळ होतं. फ्रेम मोजायच्या आणि १८.३ ने भागायचं.

चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने हेच केलं. ज्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून गोळ्या झाडल्या असं मानलं गेलं, तिथून नेम धरणाऱ्याला फ्रेम २१० पर्यंत मध्ये एक झाड येत होतं. त्याच सुमारास केनेडी रस्त्यावरच्या एका पाटीमागे गेल्यामुळे कॅमेऱ्यालाही दिसत नव्हते. फ्रेम २२५ च्या सुमारास ते पुन्हा दिसतात तेव्हा त्यांना गोळी लागलेली आहे, असं वाटतं. कॉनलींना गोळी लागली ती उशिरात उशिरा फ्रेम २४० पर्यंत, असा आयोगाचा अंदाज होता.

आता गणित करू. २१० ते २४० म्हणजे ३० फ्रेम, म्हणजेच सुमारे १.६ सेकंद. पण सापडलेल्या रायफलमधून लागोपाठ दोन गोळ्या झाडायला चाचणीत किमान २.३ सेकंद, म्हणजे ४२ फ्रेम लागत होत्या. मग पर्याय दोनच उरतात. एक तर नेमबाज दोन असले पाहिजेत, नाही तर एकच गोळी दोघांना लागली असली पाहिजे. इतर पुरावा लक्षात घेऊन आयोगाने १९६४ च्या अहवालात दुसरा पर्याय स्वीकारला. खुद्द कॉनलींना मात्र तो कधीच पटला नाही.

यात मोजलेलं काय आणि अर्थ लावलेलं काय, हे वेगळं करून पाहा. फ्रेमचा आकडा मोजलेला आहे. पण ‘याच क्षणी गोळी लागली’ हे फिल्मवर कुठेच लिहिलेलं नाही. चेहरा, हात, खांदा कसा हलतो यावरून ते ठरवावं लागतं. आणि गोळी लागणं व शरीराने प्रतिसाद देणं यांत किती वेळ जातो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

डोकं मागे गेलं, मग गोळी पुढून आली?

सुरुवातीची अनेक वर्षं लोकांनी या फिल्ममधली सुटी चित्रंच पाहिली होती. मार्च १९७५ मध्ये ती देशभर दूरदर्शनवर दाखवली गेली आणि खळबळ उडाली. फ्रेम ३१३ ला डोक्यात गोळी लागते आणि त्यानंतर केनेडींचं डोकं मागे व डावीकडे जाताना स्पष्ट दिसतं. मग गोळी पुढूनच आली असणार, असं प्रेक्षकांना वाटलं.

भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विजेते लुई अल्वारेझ यांनी १९७६ मध्ये या प्रश्नावर लेख लिहिला. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला, तर हवा एकीकडे आणि फुगा उलट दिशेला जातो. तसंच गोळीच्या दिशेने पुढे जोरात उडालेलं द्रव्य गोळीपेक्षा जास्त संवेग घेऊन गेलं, तर मागे राहिलेली वस्तू गोळीकडेच ढकलली जाईल. चिकटपट्टी गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून त्यांनी हे करून दाखवलं. खरबुजं बंदुकीच्या दिशेने सरकली.

यावर आक्षेपही आले. खरबूज म्हणजे कवटी नव्हे, हा त्यांतला मुख्य. काही तज्ज्ञांनी स्नायू एकदम आखडल्याने डोकं मागे गेलं असावं असं सांगितलं. म्हणजे अल्वारेझ यांच्या प्रयोगाने गोळी मागून आली हे सिद्ध झालं नाही. ‘मागे गेलं म्हणजे पुढूनच लागलं’ हे अनुमान सक्तीचं नाही, एवढं मात्र त्याने दाखवलं.

आणखी एक गंमत पाहा. फ्रेम ३१२ आणि ३१३ यांच्या दरम्यान डोकं आधी सुमारे दोन इंच पुढे जातं, असं जोसाया थॉम्पसन या अभ्यासकाने १९६७ मध्ये मोजून दाखवलं होतं. पण फ्रेम ३१३ कॅमेरा हलल्यामुळे पुसट आली आहे. पुसट चित्रातली कड नेमकी कुठून धरायची? आपलं जुनं मोजमाप या पुसटपणामुळे फसलं, असं थॉम्पसन यांनी २०२१ च्या पुस्तकात स्वतःच मान्य केलं. इतर अभ्यासक मात्र डोकं पुढे गेलं होतं असंच मानतात.

शरीरावरची नोंद

फिल्म एकटी पुरत नाही म्हटल्यावर वैद्यकीय पुराव्याकडे वळावं लागतं. थर्मोकोलच्या तुकड्यात पेन्सिल जोरात खुपसून पाहा. शिरतानाचं भोक बेताचं असतं, पलीकडच्या बाजूला मात्र कपचे उडून ते रुंदावतं. कवटीच्या हाडातही असंच होतं. मागच्या भोकाची कड आतल्या बाजूने रुंदावलेली होती, म्हणजे गोळी मागून शिरली, असं शवचिकित्सकांनी नोंदवलं. १९७८ साली संसदीय समितीच्या नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांपैकी आठ जणांनी गोळ्या मागून आल्याच्या आणि एका गोळीने दोघांना जखमी केल्याच्या निष्कर्षाला दुजोरा दिला.

तरी संशय का उरला? कारण नोंदी नीट झाल्या नाहीत. डॅलसच्या डॉक्टरांनी जीव वाचवण्याच्या धडपडीत गळ्याच्या जखमेतूनच श्वासनलिकेसाठी छेद घेतला. ती जखम गोळी शिरल्याची दिसते, असं डॉ. माल्कम पेरी यांनी पत्रकारांना सांगितलं. पाठीवरची जखम तिथे कुणी पाहिलीच नव्हती. त्या रात्री दूर बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात शवचिकित्सा झाली. तिथल्या डॉक्टरांना गळ्यावर फक्त छेद दिसला. तिथे आधी जखम होती हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनीवर कळलं, तोवर पार्थिव नेलेलं होतं. मानेतून गेलेल्या गोळीचा मार्ग उघडून पाहिला गेलाच नाही. प्रमुख डॉक्टर जेम्स ह्यूम्स यांनी रक्ताचे डाग पडलेली आपली टिपणं घरी जाळून टाकली. आयोगासाठी जखमांची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराला छायाचित्रं मिळाली नाहीत, तोंडी वर्णनावरच भागवावं लागलं. १९६८ मध्ये दुसऱ्या तज्ज्ञांनी छायाचित्रं आणि क्ष-किरण चित्रं तपासली, तेव्हा डोक्यामागचं भोक मूळ अहवालातल्या जागेपेक्षा जवळजवळ १० सेंटिमीटर वर असल्याचं त्यांनी सांगितलं. मग लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

वर्गात करून पाहा

मोबाइलवर बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपल्या जातात. सव्वा मीटर उंचीवरून चेंडू टाका, चित्रण करा आणि फ्रेम मोजा. जमिनीवर यायला साधारण १५ फ्रेम लागतील. प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर लिहा. चेंडू नेमका कुठल्या फ्रेममध्ये सुटला आणि कुठल्या फ्रेममध्ये टेकला, यावर वाद होईल. तो होऊ द्या.

मग मुलांना दोन रकाने करायला सांगा: ‘काय दिसलं’ आणि ‘त्यावरून काय वाटलं’. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही हेच केलं. टेबलावरून पडणाऱ्या चेंडूचं चित्रण दाखवलं, तर बहुतेकांनी ‘चेंडू ढकलला’ हे वाक्य पहिल्या रकान्यात लिहिलं. आम्ही टेबल एका बाजूने किंचित उचललं होतं, चेंडूला कुणी हात लावलाच नव्हता. शेवटी आम्ही मुद्दामच सांगितलं, की पहिल्या रकान्यातलं काहीही खोडायचं नाही, चूक वाटलं तरी खाली नवी ओळ लिहायची. तेवढी एक सवय मुलांना लागली, तरी हा तास सार्थकी लागला असं आम्ही समजू.