खिडकी मोबाइलमध्ये आली, खिडकीमागचा माणूस कुठे?

पदवी प्रवेशाचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत ठरलेल्या बातम्या दिसू लागतात. संकेतस्थळ संथ, ओटीपी येईना, अर्जाला मुदतवाढ. त्याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या नव्या मोबाइल ॲपचे उद्घाटनही होते. दोन्ही बातम्यांचे मूळ एकच आहे. ॲप तयार करून घेण्यासाठी निविदा निघते, पैसे मंजूर होतात, समिती बसते. ते वापरताना अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर कोण देणार, यासाठी मात्र ना निविदा असते ना समिती.

विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकाचे, म्हणजे ‘अपार’चेच घ्या. श्रेयांक जमा करणारी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१ मध्ये आली, पुढे तिला अपारची जोड मिळाली. हा क्रमांक काढण्याचे काम डिजिलॉकरमधून करायचे आणि ओटीपी जाणार आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल बऱ्याच घरांत वडिलांचा असतो. वडील कामावर, मुलगी तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत, आणि ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे. कधी ते सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेले असते. महाविद्यालयात विचारले तर ‘ते ऑनलाइन आहे, आमच्या हातात नाही’ एवढेच ऐकायला मिळते. क्लार्कचा दोष नाही, त्याला कुणी काही शिकवलेलेच नसते. आधारवरचा क्रमांक बदलून देणे विद्यापीठाच्या हाती नाही, पण अर्जाची मुदत विद्यापीठाची असते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा फोन आणि स्वतःच्या नावाचा क्रमांक आहे असे आखणीतच धरून चालले, तिथेच घोडे पेंड खाते.

विद्यापीठाची मोबाइल सेवा नीट कशी उभारावी याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण २००८ सालचे आहे, अमेरिकेतल्या एमआयटीचे. आयफोन येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. ॲपलचे ॲप स्टोअर त्याच वर्षी जुलैत उघडले. सगळ्यांना ॲपचे वेध लागण्याच्या त्या काळात अँड्र्यू यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी आधी संकेतस्थळ उभे केले. समोरचा फोन कोणता आहे हे सर्व्हर ओळखायचा आणि त्याला पेलेल असे पान पाठवायचा. आयफोनसारख्या फोनला एक, इतर स्मार्टफोनना दुसरे, साध्या बटणांच्या फोनला अगदी हलके तिसरे. ज्याच्या हाती स्वस्त फोन आहे त्यालाही दारातून परत पाठवायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

आत काय ठेवायचे हेही त्यांनी विचारपूर्वक निवडले. शटल बस आता कुठे आहे, अमुक इमारत नकाशावर कुठे, तमक्या प्राध्यापकांचा नंबर काय, आज कुठे कोणता कार्यक्रम आहे, आणीबाणीची काही सूचना आहे का. चालता चालता, एका हाताने विचारले जाणारे हे प्रश्न आहेत. पुढे त्यांनी हा सगळा कोड खुला केला आणि वेस्ट व्हर्जिनियासारख्या दुसऱ्या विद्यापीठाने तो घेऊन आपल्या सोयीने वाढवला. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांनी वेगवेगळी ॲप वेगवेगळ्या ठेकेदारांकडून घेण्याऐवजी असा एक सामायिक गाभा का बांधू नये, या प्रश्नाचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्डने वेगळी वाट धरली. तिथे केव्हॉन बेकपूर आणि त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे विद्यार्थ्यांनीच, ‘आयस्टॅनफर्ड’ हे ॲप केले. वर्षभरात ब्लॅकबोर्ड या शैक्षणिक सॉफ्टवेअर कंपनीने त्यांची कंपनीच विकत घेतली. त्या मुलांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मला काळजी वाटते ती ही वाट आपल्याकडे अर्धीच चालली जाण्याची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून चार मुले महाविद्यालयाचे ॲप करतात, उत्तम करतात, आणि जूनमध्ये नोकरीला बंगळुरूला जातात. स्टोअरच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांनुसार ॲप बदलत नेले नाही तर गूगल ते नव्या फोनवाल्यांना प्ले स्टोअरवर दाखवणेच बंद करते. दोन वर्षांनी नव्या विद्यार्थ्याला ते सापडतच नाही.

एमआयटीची नक्कल जशीच्या तशी करूनही भागणार नाही. तिथला परिसर चालत पालथा घालता येतो. आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे संलग्न महाविद्यालयांचे जाळे. मुंबई विद्यापीठ कलिन्यात आहे, पण त्याचे विद्यार्थी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले. गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे, जळगावच्या विद्यापीठाकडे सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतचा मुलूख. यांतल्या असंख्य विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे प्रवेशद्वारही पाहिलेले नसते. त्यांच्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर दिसते तेच विद्यापीठ. त्यांना बसचा ठावठिकाणा नको आहे. त्यांना परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, पुनर्मूल्यांकनाची तारीख हवी आहे.

आणि ही माहिती त्यांना मिळते कशी? सही-शिक्क्यासह स्कॅन केलेल्या पीडीएफमधून. कधी पान आडवे, कधी अक्षर पुसट. साडेसहा इंची पडद्यावर बोटांनी ताणून एकेक ओळ वाचावी लागते. मजकूर म्हणजे चित्रच असल्याने त्यात काही शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यावर मुका होतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. परिपत्रक युनिकोड मराठीत, साध्या वेबपानावर टाकायला नवे ॲप लागत नाही, निर्णय लागतो. विद्यापीठांनी सर्वांत आधी हेच करावे असे माझे ठाम मत आहे.

आता एसएमएसविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ॲपच्या झगमगाटात त्याला कुणी विचारत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा जीव घेतला. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाव तासाच्या आत दुसऱ्या इमारतीत, वर्गांमध्ये, मोठे हत्याकांड सुरू झाले. त्या दोन तासांनी अमेरिकी विद्यापीठांना धडा शिकवला. वर्गात बसलेला मुलगा ईमेल पाहत नाही, पण खिशातला फोन वाजला तर बघतो. एसएमएसने इशारा देण्याची व्यवस्था त्यानंतर झपाट्याने पसरली आणि पुढच्याच वर्षी तातडीच्या सूचनेचे बंधन कायद्यातही आले.

आपल्याकडे अतिवृष्टीमुळे परीक्षा पुढे ढकलली हे कळवायलाही हेच माध्यम सर्वांत भरवशाचे. डेटा संपलेला असो, फोन साधा असो, एसएमएस पोचतो. पण त्याचीही तयारी लागते. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. काना-मात्रा-वेलांटीही त्या ७० मध्येच मोजल्या जातात. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ असा सरकारी थाट केला तर निम्मा संदेश तिथेच खर्च होतो आणि बिल दोन-तीन संदेशांचे येते. त्यात, दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनुसार संस्थेचे नाव आणि संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर आधी नोंदवावा लागतो. साच्याबाहेरचा संदेश अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी लागू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. पूर आल्यावर रात्री साचा नोंदवायला बसणे शक्य नाही. परीक्षा पुढे गेली, केंद्र बदलले, महाविद्यालय बंद राहील, असे साचे नेमक्या मराठीत लिहून जूनच्या आधीच नोंदवून ठेवायला हवेत. एका दुपारचे लेखनकाम आहे, आणि ते भाषा जाणणाऱ्या माणसाने करावे.

वाय-फायचे प्रकरण निराळे. वसतिगृहात नेट देताना प्रत्येक फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्याची ओळख सांगणारा पत्ता, वहीत नोंदवून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि २०२० मध्ये आयओएस १४ आले आणि फोन दर नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता सांगू लागले. विद्यार्थ्याच्या खासगीपणासाठी ही गोष्ट चांगलीच, पण वहीतल्या नोंदी निरुपयोगी झाल्या. पाठोपाठ अँड्रॉइड ११ च्या एका सुधारित आवृत्तीने सर्व्हरचे प्रमाणपत्र न तपासता वाय-फायला जोडण्याची पळवाट काही फोनांवर काढून टाकली. जगभरच्या विद्यापीठांनी ‘इथे “तपासू नका” हा पर्याय निवडा’ असे सांगणारी माहितीपत्रके वाटलेली होती, ती रद्द करावी लागली. एका विद्यापीठाच्या पासवर्डवर दुसऱ्या विद्यापीठातही नेट देणारी एज्युरोम ही व्यवस्था २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या क्लास वीरेंगा यांच्या कल्पनेतून निघाली. भारतात ती अर्नेट ही संस्था चालवते. तिच्यावरही या बदलाचा परिणाम झाला. फोन बनवणाऱ्या कंपन्या विद्यापीठाला विचारून बदल करत नाहीत. त्यामुळे मोबाइल सेवा कधी ‘पूर्ण’ होत नाही आणि देखभालीचा माणूस कंत्राटाच्या शेवटच्या ओळीत ढकलून चालत नाही.

रंगीत तालीम न करता तंत्रज्ञान रेटले की काय होते हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईत झाला, निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना पद गमवावे लागले. परदेशी प्रवेश हुकलेल्या मुलांची भरपाई कोण करणार होते?

म्हणून विद्यापीठांच्या नव्या निविदांत माझ्या मते दोन गोष्टी हव्यात. पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम ॲपच्या किमतीपासून वेगळी आणि आधीच राखून ठेवलेली असावी. चाचणी आठ हजारांच्या फोनवर, एकाच दांडीच्या नेटवर्कवर, निकालाच्या दिवशीच्या गर्दीइतका भार टाकून व्हावी.

आणि माणसे? त्यांची सोय आपल्या घरातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आपली अनेक विद्यापीठे चालवतात. तिच्यातली मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात नोंदी करतात, बागेत काम करतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मदतकक्ष मोठ्या प्रमाणावर विद्यार्थीच चालवतात. प्रत्येक महाविद्यालयात प्रवेशाच्या आणि परीक्षा-अर्जांच्या आठवड्यांत या योजनेतली दोन मुले प्रशिक्षण देऊन बसवता येतील. अडलेला विद्यार्थी त्यांच्यासमोर फोन ठेवील आणि ती त्याच्याच बोलीत त्याला वाट दाखवतील. रोज आलेल्या तक्रारींची यादी त्यांनी संध्याकाळी विद्यापीठाच्या संगणक विभागाकडे पाठवावी आणि विभागाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर देणे बंधनकारक असावे. त्या मुलांना तासाचे पैसे मिळतील आणि पुढच्या वर्षीच्या ॲपमध्ये काय हवे याची खरी यादी विद्यापीठाला आयती मिळेल.