गाण्याच्या कागदावरचं चित्र

रेकॉर्ड, रेडिओ नव्हते तेव्हा लंडनमध्ये गाणी छापील कागदावर विकली जात. वर रंगीत चित्र असे. आल्फ्रेड कॉन्कानेनसारखे चित्रकार ती चित्रं करत. छपाई दगडावरून होई. तेलकट खडूनं दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा. तेलकट शाई फक्त चित्रालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

याच पद्धतीच्या छपाईसाठी राजा रविवर्मांनी १८९४ साली आपल्या घाटकोपरला छापखाना काढला. महागड्या चित्रांच्या स्वस्त प्रती निघाल्या, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या.

गाणं ऐकण्याआधी गिऱ्हाईक चित्र बघायचं. आपल्या पापडाच्या पाकिटाचंही तसंच. चव नंतर कळते. म्हणून किंमत ठरवताना लेबलाचं चित्र काढणाऱ्या मैत्रिणीची मजुरीही धरा.