बदनामातला ‘बद’

ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम नावाची एक भाषा होती. 1960च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ती जाणणाऱ्यांच्या शोधात हिंडत होते. अल्बर्ट बेनेट हे वृद्ध गृहस्थ मोठ्या मिनतवारीने बोलते झाले, आणि त्यांनी कुत्र्याला शब्द सांगितला तो कोणता, तर ‘डॉग’! गोऱ्यांकडून उचललेला असणार, असं कुणालाही वाटेल. पण शब्द अस्सल तिथलाच. त्याच भागातल्या यिडिन भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुडागा’. (आपल्या गुडघ्याशी नातं जोडू नये.) म्बाबाराममध्ये आरंभीच्या ‘ग’मुळे मधल्या ‘आ’चा ‘ऑ’ झाला, मग पहिलं अक्षर गळालं, शेवटचा स्वरही गेला. उरला ‘डॉग’. अशी गळती त्या भाषेत सर्रास झालेली दिसते, म्हणून ही व्युत्पत्ती पटते. गंमत म्हणजे इंग्रजी ‘डॉग’चं मूळ मात्र अजून कुणाला लागलेलं नाही.

भाषा हजारो, प्रत्येकीचे शब्द हजारो, आणि तोंडातून निघणारे ध्वनी मोजके. शब्दांची गाठ पडायचीच. ‘काका’ म्हणजे स्वाहिलीत भाऊ, स्वीडिशमध्ये केक आणि माओरीत पोपटाची एक जात. इथे कुणी फसत नाही. फसगत होते ती अर्थही जुळला की.

आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘बदनाम’ घ्या. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळपास सारखा, अर्थ तर एकच. पण फारसीचं जुनं रूप, पहलवीतलं, ‘वद’ असं आहे. जितकं मागे जावं तितके हे दोघे एकमेकांपासून दूर जातात. त्याच शब्दातल्या ‘नाम’ची गोष्ट उलटी. फारसी ‘नाम’, संस्कृत ‘नामन्’, इंग्रजी ‘नेम’ ही खरोखरच एका घराण्यातली भावंडं. चार अक्षरांत अर्धा योगायोग आणि अर्धी सोयरीक! जपानीत नावाला ‘नामाए’ म्हणतात, पण तो या पंगतीतला नव्हे. त्याची फोड ‘ना’ अधिक ‘माए’ अशी, आणि ‘माए’ म्हणजे पुढचा भाग.

‘मामा’ची जात निराळी. मराठीत आईचा भाऊ, इंग्रजीत आई आणि जॉर्जियन भाषेत चक्क बाप. रोमान याकोबसन यांनी 1960मध्ये छापलेल्या निबंधात या कोड्याचा माग तान्ह्या मुलाच्या ओठांपर्यंत नेला: दूध पिता पिता निघणारा हुंकार मोठ्यांनी आपल्या नावावर लावून घेतला. तेव्हा इथे ना उसनवारी, ना निव्वळ अपघात.

योगायोग बघायला परदेशातच जायला हवं असं नाही. पावकिलोतला ‘पाव’ संस्कृत ‘पादा’पासून, म्हणजे चौथा हिस्सा. देव पावतो तो ‘प्राप्’ धातूमुळे. आणि भाजीबरोबर खातो तो पोर्तुगीज ‘पांव’, गोव्याच्या वाटेने आलेला. तरीही पायांनी कणीक तुडवायचे म्हणून पाव, हे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पु. ना. ओकांनी ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं लिहिलं, तेही याच कानामागून धावत. कान हा वाईट साक्षीदार नाही, पण एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

मलाय भाषेचं पाहा. तिच्यात संस्कृत शब्द मुबलक: ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘सुआमी’ म्हणजे नवरा, अर्थात स्वामी. तिथे दोनला ‘दुआ’ म्हणतात हे कळल्यावर तोही आपलाच वाटणार. पण त्याची भावंडं समुद्रापलीकडे आहेत: माओरीत ‘रुआ’, हवाईत ‘लुआ’, तैवानमधल्या आमिस भाषेत ‘तोसा’. ‘द्वि’शी या कुटुंबाचा काडीचाही संबंध नाही. उलट आर्मेनियनमध्ये दोन म्हणजे ‘एर्कु’. कानाला काहीच लागत नाही, तरी तो ‘द्वि’चाच भाऊ. मूळच्या ‘द्व’च्या जागी आर्मेनियनमध्ये ‘एर्क’ येतं, हे आंत्वान मेये यांनी दाखवून दिलं. लांब या अर्थाचा तिथला ‘एर्कार’ही त्याच नियमाने बनलेला आहे.