वीज कोणाची, तार कोणाची? : मुंबईचे वीजबिल आणि ग्राहकाची निवड

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, जाहिरात, करारपत्र अशा लेखनप्रकारांचा विचार करतो. वीजबिल मात्र त्यात सहसा येत नाही. ते दरमहा घरात येते, आणि त्यातील शेवटचा आकडा तेवढा वाचला जातो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत बिलाची भाषा न समजल्याने फारसे बिघडत नाही. वीज देणारी संस्था एकच, महावितरण, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईत तो उद्भवतो. तेथील अनेक ग्राहकांना पुरवठादार बदलता येतो, आणि माझ्या मते ही निवड चुकते ती आकडेमोडीपेक्षा शब्दांच्या अर्थापाशी अधिक.

शहराचा विजेचा नकाशा

मुंबईत एकाहून अधिक वीजकंपन्या आहेत, याचे कारण शहराच्या वाढीत आहे. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि १९०७ साली तिची विजेवरची ट्राम धावू लागली. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने हा उपक्रम ताब्यात घेतला. १९६४ साली ट्राम बंद झाली, तरी ‘बेस्ट’ हे नाव टिकले. त्यातील ‘ट’ पूर्वी ट्रामचा होता, पुढे तो ‘ट्रान्सपोर्ट’चा झाला, आद्याक्षरी नावे अशी आतून बदलतात. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचे जुने शहर हे बेस्टचे क्षेत्र.

दुसरी धारा घाटावरून आली. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली निघाली, आणि १९१५ मध्ये लोणावळ्याच्या परिसरात साठवलेल्या पाण्यावर खोपोलीचे केंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम गिरण्यांसाठी होती. (पुढे मुळशीचे धरण आले, आणि १९२१ साली शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट हे नाव मुंबईच्या विजेच्या इतिहासातही वाचावे लागते, ते यामुळे.) दीर्घकाळ टाटा कंपनी प्रामुख्याने घाऊक विक्रेती राहिली : वीज तिची, पण घरोघर पोचवणारे दुसरेच. उपनगरांत हे काम १९२९ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ म्हणजे बीएसईएसने केले; तिचे क्षेत्र पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेले. भांडुप-मुलुंडकडे मात्र महावितरणचीच वीज आहे.

घाऊक विक्रेत्याने किरकोळ ग्राहकाला वीज विकावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली न्यायालयाने टाटा कंपनीला तसा अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि तो देताना जुन्या परवान्यांतील शब्दांचा अर्थ लावला. परवान्यात काय लिहिले आहे एवढेच नव्हे, तर कोणती मर्यादा लिहिलेली नाही, हेही तेथे महत्त्वाचे ठरले. कागद वाचण्याच्या शिस्तीचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

‘कंपनी बदलणे’ : एक शब्दप्रयोग, दोन अर्थ

ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने उपनगरातील ग्राहकांसाठी वाट मोकळी केली : तार रिलायन्सचीच ठेवून टाटांची वीज घेता येईल. येथून भाषेची अडचण सुरू होते. लोक म्हणतात, “आम्ही कंपनी बदलली.” पण वीजव्यवहारात ‘तार’ आणि ‘पुरवठा’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तार तीच ठेवून फक्त पुरवठादार बदलला, तर त्याला ‘चेंजओव्हर’ म्हणतात. जुनी जोडणी सोडून नव्या कंपनीच्या तारेवर गेल्यास ‘स्विचओव्हर’. सामान्य इंग्रजीतही हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत, मग ते मराठीत तसेच उतरल्यावर ग्राहकाने त्यांतला भेद कसा ओळखावा? ‘पुरवठाबदल’ आणि ‘जोडणीबदल’ असे दोन शब्द वापरले असते, तर अर्ज भरणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत ते कळले असते. हे शब्द मी सुचवतो आहे. अधिकृत कागदांत ते शोधू नका.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. पुरवठाबदलात तारेचे भाडे जुन्या तारमालकाच्याच दराने द्यावे लागते आणि तार नादुरुस्त झाली तर दुरुस्तीही त्याचीच. शिवाय जुन्या शहरात हा मार्गच उपलब्ध नाही. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था असल्याने २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे आपल्या तारा दुसऱ्याला खुल्या करण्याची सक्ती तिच्यावर नाही. २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने टाटांना तेथे वीज विकण्याची मुभा मान्य केली, ती स्वतःच्या तारांवरून. म्हणून दादरच्या आणि अंधेरीच्या ग्राहकाने “कंपनी बदलायची आहे” असे म्हटले, तर वाक्य एकच असले तरी प्रश्न दोन असतात.

आकार आणि शुल्क

आता बिलातील ओळी पाहा. ‘आकार’ या शब्दाने आपल्या मनात रूप, घडण येते. येथे तो ‘आकारणी’तला आकार आहे. ‘स्थिर आकार’ वापर शून्य असला तरी द्यावा लागतो. ‘वीज आकार’ ही विजेची किंमत, ‘वहन आकार’ हे तारेचे भाडे. ‘इंधन समायोजन आकार’ इंधन व वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे वरखाली होतो आणि जाहिरातीत क्वचितच दिसतो. ‘वीज शुल्क’ मात्र कंपनीचे नव्हे, शासनाचे. घरगुती वापरावर ते १६ टक्के आहे. पुरवठादार बदलून त्याचा दर बदलत नाही, रक्कम मात्र मूळ बिलाप्रमाणे बदलते. ‘वीज आकार’ आणि ‘वीज शुल्क’ एकच समजणारे सुशिक्षित वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत.

दर टप्प्यांनी चढतात : पहिली १०० युनिटे, मग १०१ ते ३००, पुढे आणखी. समजा, कंपनी ‘अ’चा वीज आकार पहिल्या टप्प्यात २ रुपये व दुसऱ्यात ५ रुपये आहे, आणि ‘ब’चा अनुक्रमे ३ व ४. (हे दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) तार ‘अ’चीच असल्याने वहन आकार दोन्हीकडे सारखा, स्थिर आकारही सारखा धरू. १०० युनिटे वापरणाऱ्याला ‘अ’कडे २०० आणि ‘ब’कडे ३०० रुपये पडतील. २०० युनिटांना दोन्हीकडे ७००. ३०० युनिटांना ‘अ’कडे १,२०० आणि ‘ब’कडे १,१००. म्हणजे ‘स्वस्त वीज’ या विशेषणाला स्वतंत्र अर्थ नाही; कोणाला स्वस्त, हे पद अध्याहृत असते.

या अध्याहृत पदात शहरातील विषमताही दडलेली आहे. जास्त वापर करणाऱ्यांनी भरलेल्या चढ्या दरांतून कमी वापरणाऱ्यांचा दर खाली ठेवता येतो. मोठे ग्राहक निघून गेले, तर मागे राहिलेल्यांवर भार वाढतो. २०१२ साली आयोगाने नवा बदल काही काळ ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरता मर्यादित केला, त्यामागे हीच चिंता होती. दुसरीकडे, प्रत्येक कंपनीने त्याच रस्त्याखाली आपली तार टाकावी म्हटले, तर त्या खोदकामाचा खर्चही अखेर बिलातच येतो.

स्वाध्याय

१. तुमच्या घरचे गेल्या १२ महिन्यांचे वीजवापराचे आकडे एका रकान्यात मांडा. तुमचा वापर कोणत्या टप्प्यात किती महिने होता, ते लिहा.

२. बिलातील ‘आकार’ आणि ‘शुल्क’ असलेल्या ओळी वेगळ्या करा व प्रत्येक रक्कम शेवटी कोणाकडे जाते, ते एका वाक्यात सांगा.

३. घरात बोलीत ‘लाइट बिल’, ‘लाइट गेली’ असे म्हणतात. या प्रयोगांत ‘लाइट’चे लिंग आणि अर्थ कसे बदलले आहेत, ते ‘वीज’ या शब्दाशी तुलना करून लिहा.